जुन्या घराला नव्या खोल्या जोडून देणाऱ्या ठेकेदाराविषयी, वर्षभरानंतर

जुन्या घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या व एक न्हाणीघर वाढवायचे, मूळ घरातील वायरिंग आणि नळजोडणी बदलायची, आणि हे सगळे वडील त्याच घरात राहत असताना करायचे, असे काम आम्ही एका बांधकाम ठेकेदाराकडे सोपवले होते. काम पुरे होऊन आता वर्ष उलटले आहे. अशा कामाचा अभिप्राय ताबा मिळाल्याच्या दिवशी लिहू नये, असे माझे मत आहे. त्या दिवशी रंग ताजा असतो, फरशी चकचकीत असते आणि ज्यांच्यावर घर उभे राहते त्या सगळ्या गोष्टी गिलाव्याआड गेलेल्या असतात.

त्यांच्याआधी आलेल्या ठेकेदारांनी घर वरवर पाहून तिथल्या तिथे अंदाजे रक्कम सांगितली होती. यांनी तसे केले नाही. आमचा मूळ विचार वरचा मजला चढवण्याचा होता, आणि त्यांनी पहिल्याच भेटीत मागच्या भिंतीलगत पायाच्या तळापर्यंत खड्डा खणून पाहिला. घर कॉलमवर नसून नऊ इंची विटांच्या भारवाहक भिंतींवर उभे आहे, आणि भिंतींखालचा दगडी पाया एका मजल्याच्या भाराचाच विचार करून घातलेला आहे, हे त्यांनी आम्हाला खड्ड्याच्या काठावर उभे करून दाखवले. मजला चढवण्याचे मोठे काम त्यांना मिळत होते. ते त्यांनी नाकारले आणि जमिनीलगतच्या वाढीव खोल्या सुचवल्या. त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो त्या दिवशी.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक तिरकी भेग होती. मिस्त्रींनी तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवली, दोन्ही टोकांना सिमेंटचे ठिपके दिले आणि शेजारी तारीख लिहिली. भिंत हलत असेल तर काच तडकते, ती शाबूत राहिली तर भेग जुनी व थांबलेली आहे असे समजतात. ज्या भेगा अजून वाढत असतात त्यांना ते लोक ‘जिवंत भेग’ म्हणतात. जिवंत भेग नुसती पुट्टी भरून रंगवली, की रंगासकट पुन्हा उघडते. आमची काच आजही अखंड आहे.

या कामाचा खरा कस लागतो तो जुने आणि नवे बांधकाम जिथे भेटते तिथे. जुन्या घराखालची जमीन वर्षानुवर्षांच्या भाराने दबून स्थिरावलेली असते, तर नव्या पायाखालची जमीन बांधकाम झाल्यावर थोडीफार दबणारच. मग जुन्या भिंतीत खाचा (दात) काढून त्यांत नव्या विटा अडकवल्या आणि नवी भिंत घट्ट जुळवली, तर नवा भाग खाली बसताना जुन्याला ओढतो आणि नेमक्या सांध्यावर उभा तडा जातो. मला स्वतःला वाटत होते की जितके घट्ट जोडाल तितके मजबूत, आणि तसा आग्रहही मी धरला होता. त्यांनी तो मान्य केला नाही. नव्या भागाला स्वतःचा पाया, स्वतःचे कॉलम दिले आणि पायापासून छतापर्यंत दोन्ही भागांमध्ये 25 मिलिमीटरची सलग फट ठेवली. फटीत दबणारी पट्टी बसवून तोंडाशी लवचिक सीलंट भरले, आणि आतल्या बाजूने झाकणारी अॅल्युमिनियमची पट्टी फक्त एकाच बाजूच्या भिंतीला स्क्रूने पकडली. दोन्ही बाजूंना पकडली असती तर फट ठेवण्याला अर्थच उरला नसता. ही एवढीशी गोष्ट कामगाराला नीट समजावून सांगणारा पर्यवेक्षक मी पहिल्यांदाच पाहिला. छतावर त्याच सांध्याच्या दोन्ही अंगांना उंच कट्टे घालून वरून पत्र्याची टोपी बसवली आहे, त्यामुळे पावसाचे पाणी सांध्यापर्यंत येतच नाही.

नव्या पायाची खोदाईही जपून झाली. जुन्या पायालगत एका दमात लांब चर खणला तर त्याचा आधारच सुटतो. म्हणून सुमारे एक मीटरचे तुकडे एकाआड एक घेऊन खोदले आणि एक तुकडा भरून झाल्यावरच शेजारच्या तुकड्याला हात लावला. दोन्ही भागांना जोडणारे दार काढताना आधी भिंतीतून आडवे बीम आरपार घालून खाली टेकू दिले, मग तोडीकाम केले, आणि दारावरची आडवी तुळई, म्हणजे लिंटेल, दोन्ही बाजूंना पुरेसे भिंतीत टेकवून ते पक्के झाल्यावरच टेकू काढले.

आता त्यांच्या चुकीविषयी, कारण ती लहान नव्हती. नव्या खोलीची निम्मी फरशी बसल्यावर लक्षात आले की तिची पातळी जुन्या फरशीपेक्षा 35 मिलिमीटर वर आली आहे. जोत्याची उंची ठरवताना फरशीखालच्या मसाल्याची जाडी कोणी हिशेबातच धरली नव्हती. पूर्ण पायरी असती तर डोळ्यांना दिसली असती. दोन बोटांचा हा उंचवटा दिसत नाही आणि पाय मात्र अडखळतो. वडील काठी टेकत चालतात. त्या दारातून ते पहिल्यांदा गेले तेव्हा काठीचे टोक त्या कडेवर आपटले आणि त्यांनी चौकट धरली. मी ते समोर उभा राहून पाहिले, आणि उंबरा समजून चालवून घ्या हे पर्यवेक्षकाचे म्हणणे मला अजिबात मान्य झाले नाही.

दोन आठवडे वाद झाला. शेवटी त्यांनी बसवलेली फरशी उखडली, खालचा सुमारे 45 मिलिमीटरचा मसाला काढला, काँक्रीटचा पृष्ठभाग घासून समतल केला आणि फरशी पातळ अॅडहेसिव्हवर बसवून दिली. नव्या फरशीसह सगळा खर्च त्यांनी सोसला. आज दारात सरळ पट्टी आडवी धरली तर दोन्ही फरश्या एका रेषेत येतात. चूक सुधारली याचे श्रेय मी त्यांना देतो. मात्र आपण अडून बसलो नसतो तर ती सुधारली नसती, हेही तितकेच खरे आहे.

स्लॅबच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. सळई साच्याला टेकू नये म्हणून तिच्याखाली ठेवायचे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, होते, दुसऱ्या दिवसापासून आळी बांधून पाणी साठवले आणि पाठीमागे दुसरी कामे खोळंबली असतानाही चौदा दिवसांआधी टेकूंना हात लावला नाही. न्हाणीघरात वॉटरप्रूफिंगनंतर 48 तास पाणी भरून ठेवले, तेव्हा बाहेरच्या भिंतीवर पाइपाभोवती ओल उमटली. तो भाग पुन्हा करून दुसऱ्यांदा पाणी भरले. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीतील पाइप आणि वायरिंगचे फोटो त्यांनी मोजपट्टी लावून काढून दिले, ते पुढे पडदे लावण्यासाठी भोके पाडताना फार उपयोगी पडले. जुन्या घरातील वायरिंगला अर्थिंगच नव्हते. आता प्रत्येक सॉकेटला ते आहे आणि मुख्य फलकावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवला आहे.

धुळीच्या बाबतीत मात्र त्यांनी निराशा केली. प्लॅस्टिकचा पडदा तोडीकामाच्या तिसऱ्या दिवशी आला, आणि तोपर्यंत वडिलांच्या खोलीत राडारोड्याची धूळ कपाटाच्या आतपर्यंत गेली होती. घरात वयस्कर माणूस राहणार हे आधीपासून माहीत असताना ही ढिलाई व्हायला नको होती. वाढीव कामांचे दरही ते तोंडी सांगत आणि बिलात मात्र ती कामे एकदम दिसत. तिसऱ्या बिलापासून लेखी दर व आमची सही असल्याशिवाय वाढीव काम नाही, असे आम्ही ठरवून घेतले आणि त्यानंतर कुरबूर झाली नाही.

करारानुसार एकूण रकमेचे पाच टक्के आम्ही वर्षभर राखून ठेवले होते. त्या काळात न्हाणीघराचे दार फुगले आणि गच्चीच्या कठड्यावर केसासारख्या बारीक भेगा आल्या; दोन्ही वेळा आठवड्याच्या आत माणूस आला. मागच्या महिन्यात ती रक्कम देऊन टाकली. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा गिलावा शाबूत आहे, सीलंट कुठे सुटलेले नाही. जुन्या घराला नवे जोडायचे असेल तर मी यांच्याकडे पुन्हा जाईन. फक्त काम सुरू होण्याआधी प्रत्येक दारातील दोन्ही बाजूंची तयार फरशीची पातळी नकाशावर आकड्यांत लिहून घेईन.