इलिनॉयचा १६ तासांचा कन्सील्ड कॅरी क्लास केला, त्याबद्दल

आधीच सांगते, बंदूक अंगावर लपवून बाळगायच्या लायसन्ससाठीच्या या शनिवार-रविवारच्या क्लासचे पैसे वसूल झाले, पण ते शनिवारमुळे, रविवारमुळे नाही.

आम्ही शिकागोच्या सबर्बमध्ये राहतो. इथे आधी फॉइड कार्ड (बंदूक ठेवणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र) काढावं लागतं, १० डॉलर फी, १० वर्षं चालतं, आणि ते नसेल तर बंदूक सोडा, दुकानदार गोळ्यांचा डबासुद्धा देत नाही. मग दुकानात फेडरल फॉर्म, बॅकग्राउंड चेक, आणि वर ७२ तास थांबायचं. अंगावर लपवून बाळगायचं लायसन्स आणखी वेगळं, वय २१ पूर्ण हवं, १६ तासांचं ट्रेनिंग, १५० डॉलर फी, ५ वर्षांनी रिन्यू. (एच-वन-बी वर असाल तर फेडरल कायद्याने मुळात बंदूक ठेवताच येत नाही, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून, त्यामुळे क्लासचे पैसे भरायच्या आधी हे नीट बघा.)

शनिवार पूर्ण कायद्याचा. सरांनी दारावर लावतात तो बंदूकबंदीचा स्टिकर हातोहात फिरवला, ४ बाय ६ इंच, पोस्टकार्डाएवढा, पांढऱ्यावर काळी बंदूक आणि लाल गोलात तिरकी रेघ. मग पाच दुकानांच्या दारांचे फोटो दाखवून विचारलं, स्टिकर कुठे आहे? मला दोन सापडलेच नाहीत, एक तर ऑफरच्या पोस्टरला चिकटून होता. तेव्हा पोटात गोळाच आला, कारण चुकून आत गेले असते तर चूक माझीच धरली असती. शाळा, लायब्ररी, हॉस्पिटल, पब्लिक पार्क, बस, ट्रेन, सगळीकडे बंदी, आणि ज्या बारचा निम्म्याहून जास्त धंदा दारूचा तिथेही. माझा रोजचा दिवस काढून बघितला तर ट्रेन, मुलीची शाळा, लायब्ररी, म्हणजे बहुतेक वेळ बंदूक गाडीत कुलूपबंद. हे एवढं स्पष्ट मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

रविवारी रेंज, म्हणजे गोळ्या झाडायचा सराव. टेस्ट ३० गोळ्यांची, ५, ७ आणि १० यार्डांवरून दहा-दहा, ७० टक्के म्हणजे २१ लागल्या की पास. सरांनी माझ्या मॅगझिनमध्ये (बंदुकीत गोळ्या भरायच्या खोक्यात) मला न सांगता एक डमी गोळी घातली होती, मी ट्रिगर दाबला, आवाज झालाच नाही, पण नळी मात्र खाली झुकली! धक्का बसायच्या आधीच हात दचकतोय हे तिथे डोळ्यांनी दिसलं. त्यानंतर ट्रिगर हळू दाबायला लागले आणि २७ लागल्या.

पण बावीस माणसं आणि रेंजवर शिकवणारे दोनच, हे मला अजिबात पटलं नाही. शेजारच्या लेनवर एका काकांचा अंगठा स्लाइडच्या (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे होता, स्लाइड मागे आली आणि अंगठा फाटला, रक्त आलं तेव्हा कुठे कोणाचं तरी लक्ष गेलं. नवशिक्या माणसाच्या हातात भरलेली बंदूक असताना मागे कोणीतरी उभं पाहिजेच ना! शिवाय भाड्याची बंदूक, गोळ्या आणि लेन यांचे पैसे वेगळे, हे बुकिंग करताना सांगितलंच नाही, तिथे गेल्यावर कळलं.

बुक करायच्या आधी फोन करून विचारा, रेंजवर एका शिकवणाऱ्यामागे किती जण असतात आणि काय काय एक्स्ट्रा पडतं. अर्जासोबत फिंगरप्रिंट दिले तर ९० दिवसांत निर्णय, नाही दिले तर १२०. मी दिलेत, अजून उत्तर यायचंय.