नाटकातला लाकडी पेटारा: प्लाय, पाइन की एमडीएफ?

लाकूड निवडण्याआधी संहिता उघडा आणि नट त्या पेटाऱ्याशी काय करतो ते पाहा. त्यावर बसतो, उभा राहतो, आत लपतो, की पेटारा नुसता कोपऱ्यात पडून असतो? चार-पाच रांगा मागे बसलेल्या प्रेक्षकाला पाइन आणि नीट रंगवलेलं प्लाय यांतला फरक दिसत नाही. अंधारात विंगेतून पेटारा आणणाऱ्या दोघांना मात्र जास्तीचे पाच किलो चांगलेच जाणवतात.

खालचे आकडे ९०० × ४५० × ४५० मिमी मापाच्या, सहाही बाजू बंद असलेल्या पेटाऱ्याचे आहेत. प्लायची घनता कमी-जास्त असते, म्हणून वजनं अंदाजे धरा.

| बांधणी | वजन | उभं राहणं |
|---|---|---|
| रिपांची (लाकडाच्या अरुंद पट्ट्यांची) चौकट + ६ मिमी प्लाय | १० किलो | झाकण १८ मिमी केलं तरच (मग १३ किलो) |
| १२ मिमी प्लाय, कोपऱ्यांत रिपा | १५–१६ किलो | झाकणाला आतून आडवी रीप हवी |
| १९ मिमी पाइन फळ्या | २१ किलो | चालतं |
| १२ मिमी एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला तक्ता), कोपऱ्यांत रिपा | १९ किलो | नको |

बहुतेक हौशी संस्थांनी पहिला पर्याय घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ३८ × १९ मिमी रीप साधारण ८ मीटर लागते आणि ८ × ४ फुटी प्लायच्या एका तक्त्यातून सहाही तुकडे निघतात: ९०० × ४५० चे चार, ४५० × ४५० चे दोन. नुसती चौकट जोडून झाली की ती लुटलुटते. तेव्हा घाबरून तिला तिरक्या पट्ट्या ठोकत बसू नका, ताठपणा प्लायमुळे येतो. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून सारखे करा, रिपांना गोंद लावा, प्लाय बसवा आणि दर १५० मिमीवर २० मिमीचा स्क्रू मारा. गोंद न लावता नुसत्या स्क्रूंवर भागवलं, तर दोन-चार प्रयोगांतच सांधे करकरायला लागतात. नट लपण्यासाठी मागची बाजू उघडी ठेवायची असेल, तर तिथला ताठपणा गेलाच. त्या बाजूच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत प्लायचे १५० मिमीचे त्रिकोण मारा.

वर कोणी उभं राहणार असेल, तर चौकटीतली एक गोष्ट चुकवून चालत नाही. आडवी रीप उभ्या रिपेच्या डोक्यावर बसली पाहिजे. ती दोन उभ्या रिपांच्या मध्ये स्क्रूने अडकवली, तर माणसाचं सगळं वजन त्या स्क्रूंवर येतं आणि पाइनची रीप टोकाला चिरते. झाकणाचं १८ मिमी प्लाय कापताना वरच्या थराच्या रेषा ४५० मिमीच्या बाजूने धावतील असं कापा. प्लाय त्या दिशेने जास्त ताठ असतं. झाकण कडेबाहेर १० मिमीपेक्षा जास्त काढू नका, कडेवर पाय पडला की ते बिजागरीतून उपटतं. आणि पेटाऱ्यावर उडी मारायची असेल, तर उघडणारं झाकण ठेवूच नका.

पातळ प्लायचा खरा दोष आवाजाचा. टेकलं, आपटलं की रिकाम्या डब्यासारखं वाजतं. आतून जुना गालिचा किंवा जाड फेल्ट चिकटवला की बराच फरक पडतो.

नेमका इथे पाइन जिंकतो. झाकण दाणकन बंद होण्याचा आवाज नाटकात महत्त्वाचा असेल, किंवा प्रेक्षक दोन हातांवर बसणार असतील, तर वजन सोसून पाइन घ्या. फळ्या हवेतल्या दमटपणाने रुंदीत फुगतात-आक्रसतात, म्हणून त्यांच्यावर आडव्या जाणाऱ्या पट्टीला गोंद लावायचा नाही. स्क्रूचं भोक लांबट ठेवायचं, नाहीतर फळी मधोमध तडकते. गाठींवर आधी शेलॅकचा (लाखेच्या वॉर्निशचा) हात द्या, कारण त्यातली राळ रंगातून पिवळट डाग होऊन वर येते.

१२ मिमी प्लाय हा मधला मार्ग, तोही पुष्कळ प्रयोग असतील आणि ने-आणीत पेटारा आपटणार असेल तरच. स्क्रू थेट प्लायच्या कडेत मारू नका, थर फाटतात. कोपऱ्यात आतून २५ × २५ ची रीप, ३० मिमी लांब आणि ३.५ मिमी जाडीचा स्क्रू, त्याआधी २ मिमीचं भोक. याचा एक फायदा खास आहे: तोंडावर ३ मिमी खोल खाचा पाडून फळ्याफळ्यांचा भास करता येतो. ६ मिमी प्लायला तेवढी खाच झेपत नाही. तिथे ४ मिमीच्या पट्ट्या मध्ये फट ठेवून चिकटवाव्या लागतात.

एमडीएफ सांगाड्यासाठी घेऊ नका. कडेत मारलेला स्क्रू सुटतो, कोपरा आपटला की भुगा होतो, उघडी कड पाण्याच्या रंगाने फुगते. पण नक्षी, ढाल, कुलपाची पट्टी असे कापीव तुकडे त्यात फार स्वच्छ निघतात. कडांना पातळ गोंदाचे दोन हात द्या आणि कापताना मास्क लावा, भुसा फार बारीक असतो.

रंगाबाबत थोडक्यात: पातळ प्लायला प्रायमर दोन्ही बाजूंनी, नाहीतर ते वाकतं. वरचा रंग मॅट, कारण चकाकी दिव्याखाली पांढरी दिसते. खाचांत पाणीदार गडद तपकिरी भरून वरवर पुसून घ्यायचा.

आत माणूस लपणार असेल, तर कडी फक्त झाकणावर शोभेपुरती लावा, पेटीकडच्या बाजूला काही अडकायलाच नको. झाकण मागे पडू नये म्हणून आतून साखळी, आणि बोटं चेमटू नयेत म्हणून समोरच्या काठावर २५ मिमी उंचीचे दोन रबरी ठोकळे. या पेटाऱ्यावर मात्र उभं राहणं बंद. उचलायच्या कड्यांना स्क्रू पुरत नाहीत. आत रीप ठेवून आरपार बोल्ट आणि वॉशर घाला. नाट्यगृहाचे आगरोधक लेपाबद्दल काही नियम असतील, तर ते रंग लावण्याआधी विचारून घ्या.