एक्सपल्स 200 4व्ही आणि हिमालयन 450: पावसाळा धरून आठ महिन्यांच्या वापरानंतर

हिरोची एक्सपल्स आणि रॉयल एनफिल्डची हिमालयन या कच्च्या रस्त्यावरही चालवायच्या मोटरसायकली. दोन्ही गाड्यांची सीट 825 मिलिमीटर उंच, दोन्हींचं पुढचं चाक 21 इंची. कच्च्या रस्त्यावर जाणवतो तो वजनातला फरक. एक्सपल्स 159 किलोंची, हिमालयन 196 ची. या 37 किलोंपुढे बाकीचे आकडे दुय्यम आहेत.

लोणावळ्याहून उधेवाडीला जाणारी राजमाचीची वाट घ्या. पावसात चाकोऱ्या चिखलाने भरतात, त्याखालचे दगड दिसत नाहीत. तिथे गाडी आडवी होणारच. उचलायची पद्धत दोन्हींना एकच: हँडल पूर्ण वळवायचं, सीटला पाठ लावायची, एक हात मुठीवर आणि दुसरा मागच्या ग्रॅबरेलवर (मागे बसणाऱ्याने धरायच्या दांडीवर), आणि जोर कमरेचा न लावता मांड्यांचा लावायचा. गाडी गिअरमध्येच ठेवा, नाहीतर उतारावर घरंगळते. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड काढून ठेवा, म्हणजे उभी केल्यावर पलीकडे कलंडत नाही. एक्सपल्स अशी दिवसातून पाच वेळा उचलता येते. हिमालयन तिसऱ्या खेपेला माणसाला दमवते. एकटे जाणाऱ्याने हिमालयनचा मोह टाळावा, असं माझं ठाम मत आहे.

हायवेवर मात्र चित्र पालटतं. एक्सपल्सचं 19.1 पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्ती) इंजिन ताशी 80-85 किलोमीटरपर्यंत खुशीत असतं. शंभराच्या पुढे पाचवा गिअर संपलेला असतो आणि ट्रक ओलांडायला लांबून अंदाज घ्यावा लागतो. हिमालयन 40 पीएस आणि सहाव्या गिअरच्या जोरावर 110 ला निवांत चालते. मागे माणूस आणि बॅगा असतील तर हिमालयनच घ्यावी. टाकी 13 आणि 17 लिटरची असली तरी एक्सपल्स लिटरला साधारण 38 किलोमीटरचं ॲव्हरेज देते, हिमालयन 28 चं. त्यामुळे एका टाकीत दोघी जवळपास सारख्याच लांब जातात.

सुट्या खडीच्या उतारावर मागचं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालू असेल तर ब्रेक दाबूनही गाडी पुढे सरकत राहते, कारण चाक लॉक व्हायला लागलं की एबीएस ब्रेक सोडतं. हिमालयनमध्ये ते मागच्या चाकापुरतं बंद करता येतं. उताराच्या आधीच करा, मधे थांबून नाही.

ट्यूबवाल्या चाकांबद्दल जरा सविस्तर. कच्च्यावर हवेचा दाब 20-22 पीएसआयपर्यंत उतरवला की पकड वाढते. त्याहून कमी केली तर दगडावर आपटून रिम आणि टायरमध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. शिवाय टायर रिमवर सरकतो आणि सोबत ट्यूबला ओढतो. म्हणून व्हॉल्व्हचा नट रिमला घट्ट आवळू नका, वर टोपीला टेकवून ठेवा. व्हॉल्व्ह तिरका दिसला की समजायचं, टायर सरकलाय. सगळी हवा सोडून व्हॉल्व्ह सरळ करा, नाहीतर बुडातून फाटतो आणि तिथे पॅच बसत नाही. जवळ 21 इंची ट्यूब ठेवा, अडचणीत ती मागच्या चाकातही घरापर्यंत नेते.

स्पोक दर हजार किलोमीटरला पान्याने हलके वाजवून बघा. ताणलेला टण्ण वाजतो, सैल झालेला बद्द. एक सैल राहिला की त्याचा भार शेजारचे घेतात आणि मग तेही तुटायला लागतात.

कोकणातली लाल धूळ एअर फिल्टर झपाट्याने भरते. मॅन्युअलमधल्या मुदतीची वाट न बघता अशा प्रत्येक फेरीनंतर तो उघडून बघा.