जुनी इनोव्हा घ्यायची तर: तुटल्या धाग्यावर थांबणारा माग आणि टी-बेल्टचा दिवा

२००५ ते २०१६ या काळातली जुनी डिझेल इनोव्हा विकायला निघाली की बोलेरोच्या हिशेबानं पैसे घेऊन आलेला गिऱ्हाईक किंमत ऐकून परत फिरतो. बारा-पंधरा वर्षं जुनी, दोन-अडीच लाख किलोमीटर झालेली, सीटचं कापड विरलेलं, तरी मालक पाच हजार सोडायला तयार नसतो. "टोयोटा आहे भाऊ," एवढंच त्याचं उत्तर. आमचं मत आधीच सांगून टाकतो: ही गाडी पैशाला पुरते, फक्त ते पैसे सर्व्हिसच्या कागदांना द्यावेत, बोनेटवरच्या खुणेला नाही.

हे नाव मोठं कसं झालं, ते कापूस पिकवणाऱ्या मुलखाला चटकन कळावं. या कंपनीची सुरुवात मागावर झाली. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा, जन्म १८६७ चा. १८९१ मध्ये त्यानं लाकडी हातमागाचं पेटंट घेतलं आणि १९२४ मध्ये त्याचा जी मॉडेलचा स्वयंचलित माग तयार झाला. भरधाव चालताना धोटा (आडवा धागा नेणारा) आपोआप बदलायचा आणि धागा तुटला की माग स्वतःहून थांबायचा. तुटका धागा तसाच विणला गेला तर पुढचं सगळं कापड वाया जातं, म्हणून बिघाड दिसताक्षणी थांबायचं. एका माणसाला अनेक माग सांभाळता येऊ लागले. इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं १९२९ मध्ये या मागाचे हक्क विकत घेतले. एरवी माग इंग्लंडातून जगभर जायचे, इथे व्यवहार उलटा झाला.

साकिचीच्या मुलानं, किइचिरोनं, १९३३ मध्ये मागाच्या कारखान्यातच मोटारींचा विभाग काढला. १९३५ मध्ये जी-१ ट्रक आला, १९३६ मध्ये एए ही कार आली आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर ही वेगळी कंपनी झाली. आडनाव टोयोडा, गाडी टोयोटा. जपानी लिपीत 'टोयोटा' आठ फटकाऱ्यांत लिहून होतं आणि आठ हा आकडा तिथे शुभ मानतात.

पहिले जी-१ ट्रक वाटेत वारंवार बंद पडत, हे भक्तांना सहसा माहीत नसतं. भरवशाचं नाव जन्मतः मिळालं नव्हतं, दुरुस्त्या करत करत कमवावं लागलं. १९५० मध्ये तर कंपनी बुडायच्या बेतात होती. कामगार कपात झाली, संप झाला, किइचिरोला पद सोडावं लागलं. मग कोरियन युद्ध सुरू झालं, अमेरिकी लष्करानं ट्रक मागवले आणि कंपनी तरली. त्यानंतर कंपनीचे इंजिनिअर ताइइची ओहनो यांनी मागाचीच कल्पना मोटारीच्या कारखान्यात रुजवली. खोट दिसली की साधा कामगारही दोरी ओढून मदत मागणार, आणि वेळेत ती सुटली नाही तर सगळी लाइन थांबणार.

भारतात डीसीएम टोयोटाचे हलके ट्रक ऐंशीच्या दशकात येऊन गेले. खरं बस्तान १९९७ मध्ये किर्लोस्करांबरोबर बसलं, बंगळुरूजवळ बिडदीला. किर्लोस्कर म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या माणसाला लोखंडी नांगर आठवतो. मागवाला आणि नांगरवाला एकत्र आले, म्हणायला हरकत नाही. (दोघांचा सूतकताईच्या यंत्रांचा कारखाना तर मोटारींच्याही आधीचा, १९९५ चा.) २००० मध्ये क्वालिस आली तेव्हा लोकांनी डबा म्हणून हिणवलं. पण पाच वर्षांत तिनं इतकं नाव कमावलं की चांगली खपत असताना कंपनीनं ती बंद केली आणि २००५ च्या सुरुवातीला इनोव्हा आणली.

डागही आहेत. गाडी आपोआप वेग घेते या तक्रारींवरून २००९-१० मध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडांना अमेरिकी काँग्रेससमोर उभं राहावं लागलं आणि २०१४ मध्ये कंपनीनं १२० कोटी डॉलर भरले. जानेवारी २०२४ मध्ये डिझेल इंजिनांच्या शक्तीच्या चाचणीत लबाडी झाल्याचं उघड झालं आणि भारतात क्रिस्टा (२०१६ पासूनची नवी इनोव्हा), फॉर्च्युनर, हायलक्सची रवानगी काही दिवस थांबली. ती इंजिनं बनवणारी टोयोटा इंडस्ट्रीज म्हणजे साकिचीचीच मूळ मागांची कंपनी. त्या यादीत नवी जीडी इंजिनं होती. जुन्या इनोव्हाचं केडी इंजिन तिथे नव्हतं.

आता गाडीकडे. डिझेल इनोव्हात २४९४ सीसीचं २केडी-एफटीव्ही इंजिन आहे: १०२ पीएस शक्ती, २०० न्यूटन-मीटर टॉर्क. टर्बो साधा, त्याची हवा गार करणारा इंटरकूलर नाही. एवढ्या वजनाला ही शक्ती कमीच, भरल्या गाडीत ओव्हरटेक करताना ते जाणवतं. पण इंजिनावर ताण कमी आणि बिघडायला सुटे भाग थोडे, म्हणून ते टिकतं. खाली शिडीसारखी चॅसी, ओढ मागच्या चाकांना, मागे कॉइल स्प्रिंग. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. अॅव्हरेज ११ ते १३ धरा. मागच्या रांगांना छतातून थंड हवा मिळते. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा लग्नाची वऱ्हाडी मंडळी या एका गोष्टीसाठीच इनोव्हा मागतात.

एसी कमी पडला की मिस्त्री आधी गॅस भरायला सांगतो. जिनिंगच्या पट्ट्यात चालणाऱ्या गाडीत त्याआधी पुढची जाळी उघडून बघा. कंडेन्सरवर रुईचे तंतू आणि धूळ बसून गादी झालेली असते. पाण्याचा हलका मारा आतून बाहेर द्यायचा. जोराचा प्रेशर पाइप धरला की पातळ पत्र्याची पानं वाकतात आणि हवा कायमची अडते. रेडिएटरही त्याच्याच मागे असतो, तेव्हा गाडी गरम होण्याचं कारणही बरेचदा हेच असतं.

सगळ्यात महाग चूक टायमिंग बेल्टची. या इंजिनात साखळी नाही, रबरी पट्टा आहे. तो बदलायची वेळ झाली की मीटरवर टी-बेल्टचा दिवा लागतो. मॉडेल आणि पुस्तकानुसार ही वेळ एक ते दीड लाख किलोमीटरला येते. पट्टा चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, हेड उतरवावं लागतं आणि पट्ट्याच्या कैक पट खर्च येतो. तुटल्या धाग्यावर थांबणाऱ्या मागाची अक्कल या दिव्यात उतरली आहे, फक्त इथे थांबायचं काम मालकावर सोडलंय. विकणारे नेमका त्याचाच फायदा घेतात. पट्टा न बदलता दिवा विझवणं जाणकाराला पाच मिनिटांचं काम. म्हणून दिवा लागलेला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. पट्टा, टेन्शनर आणि आयडलर बदलल्याचं बिल, त्यावर किलोमीटर आणि तारीख असेल तरच मानायचं. बिल नसेल तर पट्ट्याचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करा आणि घरी नेण्याआधी तो बदलून घ्या.

दुसरा शत्रू डिझेलमधलं पाणी. खेड्यात ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये साठवलेलं डिझेल अडीअडचणीला गाडीत ओततात. अर्धा रिकामा ड्रम दिवसा तापतो, रात्री गार होतो, आतल्या हवेतला ओलावा पाणी होऊन तळाशी बसतो. जुन्या ट्रॅक्टरचा पंप ते कसंबसं पचवतो. इनोव्हाच्या कॉमन रेलचा, म्हणजे जास्त दाबानं डिझेल देणाऱ्या यंत्रणेचा, पंप आणि इंजेक्टर पचवत नाहीत. आधी पंपावरचा एससीव्ही (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह) अडकू लागतो: गाडी उभी असताना आरपीएम वर-खाली होतो, सिग्नलला किंवा गेटवर थांबलं की इंजिन बंद पडतं, परत चावी मारली की सुरू होतं. अशा वेळी बरेच जण थेट पंप किंवा इंजेक्टर काढायला सांगतात. आधी फिल्टर बदला, मग एससीव्ही तपासा. तो सुटा मिळतो, त्यासाठी पूर्ण पंप घ्यावा लागत नाही.

फिल्टरचा दिवा लागला तर पाणी रस्त्यातही काढता येतं. इंजिन बंद करा, फिल्टरच्या खाली भांडं धरा, तळाचा प्लग दोन-अडीच आटे सैल करा आणि वरचा हातपंप दाबत राहा. आधी पाणी, मग गढूळ आणि शेवटी स्वच्छ डिझेल येईल. प्लग हातानंच आवळा, पाना लावला की रबरी सील कापतं. हातपंप कडक होईपर्यंत परत दाबा, मग चावी मारा. ड्रमचं डिझेल टाकणं टळतच नसेल तर ड्रम रात्रभर न हलवता ठेवा आणि तळातलं चार बोटं डिझेल सोडून वरचं काढा. धोतराच्या फडक्यानं गाळून कचरा अडतो, पाणी अडत नाही.

इंजेक्टरखालच्या तांब्याच्या वॉशरवर मात्र कुणाचंच लक्ष नसतं. केडी इंजिनांची ही जगभर माहीत असलेली दुखरी जागा. वॉशर गळू लागला की जळका वायू ऑइलमध्ये शिरतो, काजळीचा गाळ होऊन ऑइल ओढणाऱ्या जाळीवर बसतो आणि मग बेअरिंगला ऑइल पोचत नाही. थंड इंजिनाला सुरू होताना टकटक, ऑइल लवकर घट्ट आणि डांबरासारखं होणं, ऑइलच्या झाकणातून भपकारे, ही त्याची लक्षणं. शंका आली तर वॉशर बदलताना ऑइलचा चेंबर उघडून जाळीही बघायला लावा. ऑइल सुमारे ७ लिटर लागतं. पुस्तकात १०,००० किलोमीटरचा हिशेब असला तरी धुळीच्या रस्त्यावर आम्ही सात-साडेसात हजारांवर बदलायला सांगू.

पांदण रस्त्यावर या गाडीकडून जीपची अपेक्षा ठेवू नका. रिकाम्या इनोव्हात मागच्या चाकांवर वजन नसतं, काळ्या मातीच्या चिखलात ती जागेवरच फिरतात. एक चाक फिरायला लागलं की दुसऱ्याला ओढच मिळत नाही. मागे पन्नास किलोची दोन पोती टाका, दुसरा गिअर, हलका पाय. रेस वाढवली की चाक खड्डा खणतं आणि पोट टेकतं. जमिनीपासूनची उंची १७६ मिमी, तीही रिकाम्या गाडीची. आठ माणसं बसली की मागचा भाग दबतो आणि नाल्याच्या रपट्यावर घासतो. रपट्यावर पाणी टायरच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे फूटभर असेल तिथेच थांबायचं. पाणी हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी चावी मारून परत सुरू करू नका, उरलेलं नुकसान त्या एका चावीत होतं.

काळी माती चॅसीच्या खोबणीत अडकली की महिनोन् महिने ओलावा धरते. घेताना गाडी रॅम्पवर चढवून मागच्या चाकांवरचा चॅसीचा भाग हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहा. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे पडले तर व्यवहार सोडा. पुढचे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, रॅक एंड खराब रस्त्यावर झिजतातच. ते बदलता येतात, पण बॉल जॉइंटला खेळ असेल तर तशी गाडी महामार्गावर नेऊ नका.

इंजिन गार असतानाच बघायला जा. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता या. मीटरचा आकडा आणि ब्रेक पेडलचं रबर यांची सांगड घाला. आकडा ९०,००० आणि पेडल गुळगुळीत, हे जमत नाही. आरसी बुकात गाडी आधी टॅक्सी परमिटवर होती काय ते पाहा, कर्जाचा बोजा उतरलाय याची खात्री करा. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या खाजगी गाडीला फिटनेस करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यावी लागते आणि पर्यावरण कर वेगळा. २०१० ची गाडी स्वस्तात मिळते त्यामागे हेही गणित असतं.

२०१६ ची क्रिस्टा बजेटात बसत असेल तर २.४ लिटरचं इंजिन १५० पीएसचं आहे आणि त्यात पट्ट्याऐवजी साखळी आहे. फक्त बीएस-६ क्रिस्टाला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. गाव ते तालुका असे सात-आठ किलोमीटरचेच फेरे असतील तर काजळी जळायला वेळ मिळत नाही आणि तो तुंबतो. हायक्रॉस ही आणखी नवी इनोव्हा साधी पेट्रोल किंवा पेट्रोल हायब्रिड आहे, पुढच्या चाकांवर चालते, शिडीची चॅसी नाही. पांदणीसाठी तिचा विचारच नको. ग्लान्झा आणि रुमिअन म्हणजे सुझुकीच्या बलेनो आणि अर्टिगा. गंमत अशी की सुझुकीचाही जन्म मागाच्या धंद्यातलाच, १९०९ मध्ये, हमामात्सूत. तेव्हा जुन्या रुमिअनला नुसत्या टोयोटाच्या खुणेसाठी अर्टिगापेक्षा जास्त देण्यात अर्थ नाही.

बोलेरोचा सामान तालुक्यात कुठेही मिळतो. इनोव्हासाठी बऱ्याचदा जिल्ह्याला जावं लागतं. ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर आणि फॅन बेल्टचा एक-एक नग घरी असू द्या, आणि बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या, कारण नकली डिझेल फिल्टर हुबेहूब डब्यात येतो. टायमिंग बेल्ट बदलून घेतला की जुना पट्टा मिस्त्रीकडून मागून घ्या. दात आणि पाठ बघून तो खरंच किती चालला होता ते कळतं, आणि बदलला की नुसता दिवा विझवला, तेही.