फुकट होतं, तरी पैसे भरले

सांगलीत विश्रामबागला घराच्या वरच्या खोलीत माझं छोटं रेकॉर्डिंगचं काम चालतं. मंडळांची गाणी, भजनांचे ट्रॅक, असलंच. २०२१ मध्ये पैसे साठवून 'सीरम' हा सिंथ (कॉम्प्युटरवर वाद्यांचे आवाज बनवणारं सॉफ्टवेअर) रीतसर विकत घेतला होता, १८९ डॉलरला. मार्च २०२५ मध्ये 'सीरम २' आला आणि डोक्यात किडा वळवळायला लागला.

आवाज तयार करणारे ऑसिलेटर दोनाऐवजी तीन, आवाजाचे बारीक तुकडे करून वाजवणारं ग्रॅन्युलर, रेकॉर्ड केलेले आवाज म्हणजे सॅम्पल वाजवायची सोय. पण माझं काम काय, तर हलगीखाली एक जाड बास आणि भक्तिगीताला मागे भरून राहणारा मऊ पॅड. जुना लॅपटॉप झेपवेल का? आधीचे ट्रॅक बिघडणार तर नाहीत? महिनाभर हाच काथ्याकूट. कंपनीच्या साइटवर जाऊन किंमत मात्र एकदाही बघितली नाही.

गणपतीच्या तोंडावर इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली: जुन्या ग्राहकांना अपग्रेड ४,२०० रुपयांत, फक्त आज रात्रीपर्यंत. व्हॉट्सअ‍ॅपवर माणूस मराठीत बोलला, 'दादा, दादा' करत. माझ्या सगळ्या शंकांची उत्तरं त्याने दिली, आणि खरीच दिली. जुने प्रीसेट, म्हणजे साठवलेले तयार आवाज, नव्यात उघडतात, जुना सिंथ नव्याच्या शेजारी तसाच राहतो. तिथेच मी फसलो. ज्याला सिंथ एवढा कळतो तो चोर कसा असेल? क्यूआर स्कॅन केल्यावर भलतंच नाव आलं. "आमचे अकाउंटंट आहेत," म्हणाला. भरले.

मग झिप फाइल आली. "अँटीव्हायरस पाच मिनिटं बंद ठेवा दादा, तो उगाच अडवतो." ठेवला. स्क्रीनवर एक काळी चौकट चमकून गेली, पुढे काही नाही. त्याचा फोन बंद.

दुसऱ्या दिवशी मिरजेहून मित्राचा फोन. "काय रे, सिंथ विकायला कधीपासून लागलास?" माझ्याच इन्स्टाग्रामवरून तीच जाहिरात सगळ्यांना गेली होती. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड त्या फाइलने उचलले होते. हा मित्र सतारमेकर गल्लीजवळ राहतो. तिथे तंबोरा घेणारा जवारी (तारेचा घुमारा) ऐकल्याशिवाय खिशात हात घालत नाही. त्याने मला हे ऐकवलंच.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे गेल्या गेल्या करायला हवी होती. लवकर कळवलं तर रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येते. मी एक रात्र 'त्याचा फोन लागेल' म्हणून घालवली. लॅपटॉप फॉरमॅट केला, बायकोच्या मोबाइलवरून सगळे पासवर्ड बदलले.

त्यानंतर पहिल्यांदा कंपनीच्या साइटवर लॉगिन केलं. 'सीरम' विकत घेतलेल्यांना 'सीरम २' फुकट. पहिल्या दिवसापासून.

उतरवून घेतला. माझ्या लॅपटॉपवर दोन ट्रॅकला लावला की पंखा बोंबलतो, म्हणून मंडळाची गाणी जुन्यावरच केली. आणि माझं नाव बघून गावभागातल्या एका कीबोर्डवाल्या पोराने ४,२०० भरले होते, ते मी त्याला दोन हप्त्यांत दिले.