रंगीत केक: एकाच भांड्यात की थरावर थर?

लेकीच्या वाढदिवसाला रंगीत केक घरीच करायचा, पण कोणता, असं धाकट्या बहिणीनं विचारलं. एक प्रकार म्हणजे एकाच भांड्याच्या मधोमध वेगवेगळ्या रंगांचं पीठ चमच्या-चमच्यानं ओतत जायचं. कापल्यावर वळ्या दिसतात. दुसरा म्हणजे प्रत्येक रंगाचा पातळ केक वेगळा भाजून मध्ये क्रीम लावून रचायचा.

मेहनतीत फरक मोठा आहे. पहिला १८० अंशांवर साधारण ३५-४० मिनिटांत एकदाच भाजून निघतो. दुसऱ्यात घरच्या छोट्या ओव्हनमध्ये एकेक थर १२-१५ मिनिटं, मग गार करणं, मग क्रीम. शिवाय थांबून राहिलेलं पीठ शेवटी कमी फुगतं. भर मे महिन्यात, नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असताना, एवढा वेळ ओव्हन चालू ठेवणं जिवावर येतं.

खर्चही दुसऱ्याचाच जास्त, कारण क्रीम. आणि या उन्हात व्हिप्ड क्रीम फ्रिजबाहेर फार तग धरत नाही. दिसण्यात मात्र रचलेला केकच भारी: रंग स्वच्छ, वेगळे.

दोन्हींना जेल रंगच घ्या, पातळ रंगानं पीठ सैल होतं. हळद टाकायची असेल तर खायच्या सोड्यापासून जपा, तिचा रंग लालसर होतो.

वाढदिवस उन्हाळ्यात, पाहुणे सोसायटीतली पोरं, हाताशी एकच भांडं असेल तर वळ्यांचा केक करा. डिसेंबर-जानेवारीतला वाढदिवस, फोटोची हौस आणि मदतीला कुणी असेल, तर थरांचा.