एमएसआय आफ्टरबर्नर: आरटीएक्स ३०६० ओव्हरक्लॉक करायचं तर किती?

आरटीएक्स ३०६० या ग्राफिक्स कार्डावर कोअर (मुख्य चिप) आणि मेमरी दोन्ही ठरलेल्या वेगापुढे ताणून, म्हणजेच ओव्हरक्लॉक करून, हाती साधारण ३ ते ६ टक्के जास्त वेग लागतो. म्हणजे ६० एफपीएसचे (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) ६२-६३. गेम ४० वर अडखळत असेल तर ओव्हरक्लॉकिंगने तो सुधारणार नाही, सेटिंगच कमी करावी लागेल. हे पटत असेल तर कार्डाचा वेग, व्होल्टेज आणि पंखा बदलू देणाऱ्या आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरइतकं चांगलं साधन दुसरं नाही. ते फुकट आहे, आणि नाव एमएसआयचं असलं तरी इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतं. डाउनलोड मात्र एमएसआय किंवा गुरू थ्रीडीच्या साइटवरूनच करा. हुबेहूब बनावट साइटवरून मालवेअर वाटलं जात असल्याचा इशारा २०२१ मध्ये खुद्द एमएसआयने दिला होता.

आधी काहीही न बदलता युनिजिन सुपरपोझिशन हा बेंचमार्क (कार्डाची ताकद मोजणारी चाचणी) चालवा. स्कोअर, तापमान आणि क्लॉक (कोअरचा वेग) लिहून ठेवा. मग पॉवर लिमिट जाईल तितकी वर न्या. या कार्डाची मूळ मर्यादा १७० वॉट. काही मॉडेलांत स्लायडर १०० टक्क्यांपुढे हलतच नाही, तिथे फारशी आशा ठेवू नका. टेम्परेचर लिमिट ८३ अंशांवरच राहू द्या. कोअर व्होल्टेजला हात लावायचा नाही: उष्णता वाढते, पदरात जवळजवळ काही पडत नाही.

कोअर क्लॉक एकदम +१५० मेगाहर्ट्झ करू नका. +३० पासून सुरुवात करा आणि १५-१५ ने चढा, कारण कार्ड स्वतःच १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी चालतं. गेम अचानक डेस्कटॉपवर फेकला गेला आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) ४१०१ हा कोड दिसला, तर ड्रायव्हर कोसळून सावरलाय. तिथून ३० खाली या. बेंचमार्क पार झाला म्हणजे झालं असं नाही; रे ट्रेसिंगचा (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारं तंत्र) जड गेम तासभर चालला पाहिजे.

मेमरी फसवी असते. ३०६० मध्ये साधी जीडीडीआर६ प्रकारची मेमरी आहे. जास्त ताणली की ठिपके, चमकणारे त्रिकोण दिसतात. ३०८० सारख्या जीडीडीआर६एक्स कार्डांवर मात्र चूक पकडून डेटा पुन्हा पाठवला जातो, त्यामुळे चित्र स्वच्छ दिसतं आणि स्कोअर गुपचूप घसरतो. म्हणून १००-१०० ने वाढवत दरवेळी स्कोअर बघा. घसरला की दोन पायऱ्या मागे.

आता उन्हाळा. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत टिकलेली सेटिंग मे महिन्यात नागपूर-चंद्रपुरात टिकेलच असं नाही. पंख्याचा ऑटो काढून ४० टक्क्यांवर ठेवला आणि विसरलात, तर कार्ड तापून क्लॉक स्वतःच पाडेल. फॅन कर्व्ह (कोणत्या तापमानाला पंखा किती फिरेल तो आलेख) आखा, किंवा ऑटोच राहू द्या.

खरं तर आपल्या हवेत अंडरव्होल्टिंगच, म्हणजे जवळपास तोच वेग कमी व्होल्टेजवर मिळवणं, जास्त शहाणपणाचं. कोअर क्लॉक -२५० करून अप्लाय करा. कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेज आणि क्लॉकचा कर्व्ह उघडा, ९०० मिलिव्होल्टचा बिंदू १८५० मेगाहर्ट्झवर उचला, पुन्हा अप्लाय करा. त्यापुढची रेष सपाट होते. वेग जवळपास तोच, वॉट कमी, पंखा शांत. क्रॅश झालंच तर १५ मेगाहर्ट्झ खाली या किंवा २५ मिलिव्होल्ट वाढवा. दर कार्डाची सिलिकॉन वेगळी, त्यामुळे दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उचलू नका.

विंडोज सुरू होताना सेटिंग आपोआप लावणारं बटण चार-पाच दिवस सगळं ठीक चालल्यावरच दाबा. घाईत दाबलं आणि प्रत्येक बूटला स्क्रीन काळी होऊ लागली, तर सेफ मोडमध्ये जाऊन आफ्टरबर्नर काढून टाका. काढताना सेटिंग जपून ठेवायची का असं विचारलं, तर नाही म्हणा. नाहीतर पुन्हा इन्स्टॉल केल्यावर तीच प्रोफाइल लागते.